सूर्यावरचा रफार

५ जानेवारी

ठिणगे,

पत्र माझं, अक्षर तुझ्या मामीचं. चष्मा दुरुस्तीला टाकलाय, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. मधे कुठे कंसात काही दिसलं तर ते माझं नाही, आधीच सांगून ठेवतो.

बातमी मोठी आहे. आपल्या रस्त्याच्या टोकाला नवं प्रार्थनाघर उभं राहतंय ना, त्याच्या दारावरची शिळा माझ्याकडे आलीय. सात फूट लांब, करडा दगड, शोधून एक शीर सापडायची नाही. कारखान्याच्या मधोमध दोन ओंडक्यांवर अशी ऐसपैस पडलीय की मलाच अंग चोरून फिरावं लागतं. सभेत लोकांनी हात वर करून वाक्य पसंत केलं: 'जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दार उघडे.' ऐकलंस? चाळीस वर्षं 'आत येऊ नये' आणि 'येथे वाहने लावू नयेत' कोरलं. म्हटलं, एकदा तरी आत बोलावणारं काहीतरी कोरायला मिळू दे.

उद्घाटन एक मार्चला. समितीचे अध्यक्ष म्हणत होते, यंत्रावर दोन तासांत होतं, कशाला म्हाताऱ्याच्या मागे लागता. पण प्रार्थनाघराचे गुरुजी म्हणाले, दार हातानं उघडायचं तर अक्षरंही हातानंच होऊ देत. हे माझं शेवटचं मोठं काम, ठिणगे. यानंतर नावाच्या पाट्या आणि आराम. (आराम! यांना झोपेतसुद्धा हातोडा लागतो.)

'जोवर' कोरून झालंय. कागदावर ठसा घेऊन सोबत पाठवतोय. त्यातला 'र' बघ आणि मग बोल.

मामा

११ जानेवारी

मामा,

'तीर्थरूप' लिहिलं की तुम्ही दोन दिवस खरंच तसे वागता अशी मामीची तक्रार आहे, म्हणून नुसतंच मामा.

ठसा माझ्या टेबलासमोर चिकटवलाय. काय तो 'र'! आईबाबांच्या फिरतीच्या नोकरीपायी मी दहा वर्षांची तुमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच सुट्टीत तुम्ही फुटक्या फरशीवर माझ्याकडून शंभर 'र' कोरून घेतलेत. त्यातला एकही असा नव्हता. बाकीच्या मुली सुट्टीत नाच शिकल्या.

पण मामा, तुमच्या वाक्यात मोठी गोम आहे हं. चंद्र-सूर्य काही कायमचे नाहीत. सूर्याकडे अजून सुमारे पाचशे कोटी वर्षांचं इंधन आहे. मग तो फुगणार, लालबुंद होणार, जवळच्या ग्रहांना गिळणार, बहुधा पृथ्वीलाही. आणि चंद्र तर आत्ताच काढता पाय घेतोय. वर्षाला पावणेचार सेंटीमीटर लांब सरकतो, आपली नखं वाढतात साधारण त्याच गतीनं. म्हणजे तुमचं दार एक दिवस बंद होणार, आणि तेही सभेनं हात वर करून! विचारा तुमच्या समितीला, कुलपाची सोय केलीय का.

सध्या तारांगणात माझा याच विषयावर कार्यक्रम चालू आहे, 'सूर्याचं म्हातारपण'. लोक येतात, टाळ्या वाजवतात, पण बाहेर पडताना चेहरे असे की सूर्य उद्याच जातोय. काल एक आजोबा मुद्दाम मागे थांबून म्हणाले, "बाई, सगळं छान, तेवढा शेवट बदला."

चष्मा आला का?

ठिणगी

२० जानेवारी

ठिणगे,

चष्मा आला नाही. तुझं पत्र मात्र आलं, आणि मी टाकी खाली ठेवली.

हसू नकोस. मी आजवर दगडात खोटं कोरलेलं नाही. त्या पेठेतल्या व्यापाऱ्यानं बागेला एक बाक दिला आणि म्हणाला, 'दानशूर' कोरा. मी म्हटलं, बाक दिलात, 'बाक दिला' कोरतो. सहा महिने बोलत नव्हता माझ्याशी. मग आता चंद्र-सूर्य जाणार हे माहीत असून त्यांच्या नावानं वायदा कसा कोरू?

आणि गंमत सांगू? मी पोथी काढून बघितली. (मी वाचून दाखवली.) शेवटच्या अध्यायात लख्ख लिहिलंय: सूर्य विझेल, चंद्र मावळेल तो पुन्हा उगवणार नाही, सगळं मिटून जाईल. म्हणजे तुझी दुर्बीण आणि माझी पोथी एका बाजूला, आणि समिती एकटीच दुसऱ्या बाजूला! इतकी वर्षं आपण दोघं जेवणाच्या पाटावर तावातावानं भांडलो, तो वेळ फुकटच गेला म्हणायचा.

गुरुजींना सांगून आलो की वाक्य बदलल्याशिवाय हात लावणार नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पंधरा फेब्रुवारीपर्यंत काम झालं नाही तर शिळा गाडीत घालून यंत्रावर नेणार म्हणतात. नेऊ देत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मामा

२४ जानेवारी

मामा!

मी गंमत करत होते हो! चेष्टेची मस्करी झाली की ही. तुमचं शेवटचं मोठं काम माझ्या आगाऊपणामुळे यंत्राच्या घशात गेलं तर मी तुम्हाला तोंड कशी दाखवू? दोन दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही.

आमच्या थोरल्या साहेबांना सगळं सांगितलं. पन्नास वर्षं तारे मोजणारा माणूस, आणि रोज सकाळी कामाला बसण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून प्रार्थना करतो. मी विचारलं, साहेब, तुम्हाला सूर्याचं मरण आकड्यांसकट पाठ आहे, मग ही प्रार्थना बसते कुठे? ते म्हणाले, "विज्ञान मला सांगतं, किती वेळ आहे. प्रार्थना सांगते, घाबरू नकोस. मला दोन्ही एकाच सकाळी लागतात, त्याला मी काय करू?" मग म्हणाले, "मामांना सांग, पाचशे कोटी वर्षांत दगड झिजून जाईल. वायदा त्याआधीच पुरा झालेला असेल."

ते पटत नसेल तर नवे शब्द घ्या. खूप विचार करून काढलेत: 'जोवर पृथ्वी आहे'. 'जोवर नक्षत्रे आहेत'. 'जोवर विश्व आहे'. आणि एकदम भक्कम हवं असेल तर 'जोवर ब्रह्मांड आहे'. याच्यापुढे माझ्याकडे माल नाही.

पाया पडते, टाकी उचला.

ठिणगी

३१ जानेवारी

ठिणगे,

तुझे साहेब भला माणूस दिसतो. पण दगड झिजेल म्हणून खोटं चालतं, हे काही पटलं नाही.

तुझे शब्द बघितले. पृथ्वी नको. तूच म्हणतेस तिला सूर्य गिळणार. नक्षत्रे नकोत, ती तुमची तुम्हालाच मोजून होत नाहीत. विश्व फार पोकळ वाटतं. आणि ब्रह्मांड? अगं, दार आहे का किल्ला? अजिबात नको, ते तर मुळीच नको.

मी गुरुजींना माझे शब्द सुचवले होते: 'जोवर आकाश आहे', 'जोवर वारा वाहील', 'जोवर पाणी आहे', 'जोवर माणूस येईल'. कसे साधे, सरळ! गुरुजी म्हणाले, सगळेच चांगले आहेत, पण लोकांनी चंद्र-सूर्यांना हात वर केलेत, मी एकटा बदलणारा कोण? झालं, घोडं तिथंच अडलंय.

एक मात्र खरंच विचारायचंय, भांडणासाठी नाही. सूर्य विझेल इथपर्यंत आपण बरोबर चाललो. पण पोथीत पुढे एक ओळ आहे: 'मग पुन्हा उजाडेल.' तुझ्या गणितात उजाडणं आहे का ग? नसलं तर नाही म्हण, मला राग नाही. या वयात माणसाला पुढच्या ओळीची जरा जास्त काळजी असते.

मामा

ता.क. हे मी त्यांना वाचून न दाखवता लिहितेय. ते हल्ली चहाचा कप अर्धाच भरायला सांगतात. आणि चष्मा दुरुस्तीला गेलेला नाही. – मामी

३ फेब्रुवारी

मामा,

आणि मामी, हे मोठ्यांदा वाच.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मग एका कागदावर दोन रांगा केल्या. एकीत तुम्हाला नको असलेले शब्द: चंद्र, सूर्य, पृथ्वी, नक्षत्रे, विश्व, ब्रह्मांड. दुसरीत तुमचे लाडके: आकाश, वारा, पाणी, माणूस. मग माझ्या टेबलासमोरच्या ठशाकडे बघितलं. 'जोवर'. आणि मला हसू आलं, आणि लगेच रडू आलं.

मामा, पहिल्या रांगेतल्या प्रत्येक शब्दात जोडाक्षर आहे. दुसऱ्या रांगेत एकही नाही.

फरशीवर तुम्हीच शिकवलंय मला. सुट्टं अक्षर दमानं टिचत गेलं की येतं. पण 'द्र'च्या पोटाखालची तिरकी रेघ आणि 'र्य'च्या डोक्यावरचा रफार, तिथे दोन खोबणींच्या मधे दगडाची भिंत उरते दोऱ्याएवढी. तिथे हात जरा हलला की टवका उडालाच. रफाराला तुम्ही विंचवाची नांगी म्हणायचा. आणि 'ब्रह्मांडा'ला तुम्ही असे का दचकलात, तेही आता कळलं! त्यात तर विंचवांचं अख्खं वारूळ आहे.

हात कधीपासून हलतोय? डॉक्टरांना दाखवलंत? मला का नाही सांगितलंत? सूर्यावर आळ घेतलात, चंद्रावर घेतलात, माझ्यावरसुद्धा घेतलात, पण हाताचं नाव नाही काढलंत. लबाड आहात.

मी सहा दिवसांची रजा टाकलीय. सात तारखेला सकाळी येतेय. बारीक पात्याच्या त्या दोन-सुती टाकीला धार लावून ठेवा.

ठिणगी

५ फेब्रुवारी

ठिणगे,

पकडलंस. चष्मा नाकावरच आहे.

दिवाळखोराच्या घरी पाहुणा नको तसं आधी वाटलं, येऊ नकोस असं लिहायला सांगणार होतो. मामीनं पेनच खाली ठेवलं. डॉक्टर म्हणतात, वयाचा कंप आहे, जिवाला काही नाही, आणखी वीस वर्षं बायकोचं डोकं खाल. (हे डॉक्टर म्हणाले नाहीत.) पण माझे हात म्हणजेच मी ग. लोकांना काय सांगू, अक्षरं कोरणारा होतो म्हणून?

तुझ्यावर आळ घेतला ते चुकलं. ये.

मामा

१४ फेब्रुवारी

मामा,

पोहोचले. बोटांना फोड आलेत, केसात अजून दगडाची भुकटी आहे आणि मी इतकी खूश आहे की तारांगणातल्या झाडूवाल्या मावशींनी विचारलं, कुठे लग्न जमलं का?

ते सहा दिवस काही डोळ्यांपुढून हलत नाहीत. तुम्ही सुट्टी अक्षरं घेतलीत आणि मला जोडाक्षरं दिलीत. मी 'द्र'ला टाकी लावली तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे राहून श्वास रोखलात, तो शेवटच्या घावानंतर सोडलात, आणि मामी म्हणाली, "टाकीचे घाव दगडानं सोसायचे असतात, तुम्ही कशाला सोसताय?" रफार उतरला तेव्हा तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात. तुमच्याकडून तेवढं म्हणजे ढोल वाजवल्यासारखं आहे.

पण शेवटी मी घोळ घातलाच. तुमच्या वहीत प्रत्येक शब्दाची रुंदी विती-बोटांत लिहिलेली होती. तुम्ही दुपारी लवंडलात तेव्हा मी हुशारीनं सगळी ओळ गेरूनं आखून ठेवली. माझ्या वितीनं! माझ्या बोटांनी! वीत तुमची लिहिलेली, मोजली मी माझी. 'उघडे' संपलं आणि उजवीकडे दीड वीत दगड कोराच राहिला. सगळी ओळ डावीकडे कलल्यासारखी दिसते. अध्यक्ष म्हणाले, "यंत्राला हात नसतात, म्हणून असं होत नाही." मी गाडीत बसेपर्यंत तुम्ही म्हणत होता, होतं असं. मला रात्रभर तो कोरा तुकडा दिसत राहिला. तिथे एखादं फूल-पान काढता आलं तर बघा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं. समोरासमोर जमलं नाही, लिहून सांगते. सूर्य फुगेल, मग अंगावरचे थर चारी दिशांना उधळेल. त्या धुळीतून कधीतरी दुसरीकडे नवे तारे उजळू शकतात. तेवढ्याला उजाडणं म्हणायचं असेल तर गणितात आहे. पण त्याच्याही फार फार पुढे आजच्या हिशेबानं सगळेच तारे विझतात, मग गणित गप्प बसतं. मी साहेबांना विचारलं, तिथे 'काहीच नाही' असं म्हणू का? ते म्हणाले, "गप्प बसलेल्याच्या तोंडी आपण शब्द घालू नयेत. 'माहीत नाही' म्हण, आणि हसून म्हण." तर मामा, मला माहीत नाही. तुमच्यासाठी 'हो' म्हणावंसं फार वाटतं, पण तुमच्याच हाताखाली शिकलेय, खोटं कोरता येत नाही.

काल कार्यक्रमाच्या शेवटी मी तेवढंच सांगितलं, हसून. ते आजोबा नव्हते. असायला हवे होते.

ठिणगी

२ मार्च

ठिणगे,

हे पत्र माझ्या हातानं लिहितोय. अक्षर हलतंय. सावकाश वाच, घाई कुणाला आहे?

काल दार उघडलं. माणसं मावली नाहीत. पण आधी तुझ्या दीड वितीची गोष्ट.

तुझं पत्र आलं आणि मी कोऱ्या दगडासमोर स्टूल टाकून बसलो. फूल-पान मला कधी जमलं नाही, मी अक्षरांचा माणूस. तुझं 'माहीत नाही' मी दोनदा वाचलं होतं. मला वाटलं होतं वाईट वाटेल. खरं सांगतो, वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की पोरीनं पुढच्या ओळीची जागा खोडली नाही, कोरी ठेवली. मग कोऱ्या जागेत लिहायचा हक्क माझा.

शिळा वर चढवायला माणसं यायच्या आत काम उरकलं, नऊ दिवस लागले. रोज सकाळी हात त्यातल्या त्यात स्थिर असतो तेव्हा दोन तास. शिरोरेघ लोखंडी पट्टी धरून मारली, तरी जरा डुगडुगलीय. बाकीचं टिचत टिचत. एकही जोडाक्षर नाही, आधीच बघून घेतलं! आता दारावर असं आहे:

'जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दार उघडे. आणि नंतरही.'

म्हणजे बघ, वाक्यही खरं झालं. चंद्र-सूर्य जाणार ते तुझं, दार उघडं राहणार ते माझं. तुला तुझं खोडावं लागलं नाही, मला माझं.

काल पडदा ओढला तशी सगळ्यांनी माना वर केल्या. अध्यक्ष म्हणाले, हे शेवटचे दोन शब्द सभेत मंजूर झालेले नाहीत! गुरुजींनी ओळ मोठ्यांदा वाचली, पुन्हा वाचली आणि खो खो हसायला लागले. म्हणाले, "अध्यक्षसाहेब, या दोन शब्दांची मंजुरी आपल्या सभेच्या अखत्यारीत येत नाही." मग सगळेच हसले. दारात उभं राहून इतकी माणसं एकदम हसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मग गुरुजींनी विचारलं, हे चंद्र-सूर्य कुणी कोरले, तुमच्या हातचे वाटत नाहीत. मी छाती काढून सांगितलं, भाचीनं. आणि ते वाकडं 'नंतरही'? ते मी. ते म्हणाले, तेच आधी दिसतं.

तुझा 'द्र' माझ्यापेक्षा बरा आलाय. हे मामीला कळता कामा नये.

सोबत ती बारीक दोन-सुती टाकी पाठवतोय. ती आता तुझी. तारांगणाच्या मागे फुटक्या फरश्या असतीलच. रोज एक जोडाक्षर काढायचं आणि ठसा मला पाठवायचा, कागद कंजूषपणानं वापरू नकोस. जोवर मी आहे तोवर तपासून देईन.

मामा

ता.क. 'द्र'चं मला तुझ्या आधी कळलं. आणि तपासणं नंतरही चालूच राहील, तू यांना ओळखत नाहीस. – मामी